पावणेपाच आणि सहा

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. तात्या स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून जेवायला बसले होते. त्यांच्या समोर मी बनियनवर, पंखा पाचवर ठेवून, घाम पुसत होतो. तात्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि मला म्हणाले, "केदारला सांग, पंखा बंद कर."

केदार मीच. पण यात तात्यांचा दोष नव्हता. घरात दोन महिने सगळं बोलणं निरोपानेच चाललं होतं. सवय लागते.

झालं असं की नोव्हेंबरात नाशिकला मावशीच्या मुलीचं लग्न होतं. आई-तात्या सकाळच्या एसटीने निघाले. राजनोली नाक्यावर तात्यांनी विचारलं, "गॅस बंद केलास ना?" आई म्हणाली, केला. पडघा येईपर्यंत तात्यांनी हाच प्रश्न आणखी चार वेळा विचारला आणि आईने हेच उत्तर आणखी चार वेळा दिलं. पडघ्याला गाडी थांबली तसे तात्या उठले आणि दोन्ही बॅगा घेऊन खाली उतरले. आहेराची साडी बॅगेत होती, म्हणून आईलाही उतरावं लागलं. रिक्षा करून दोघं भिवंडीला परत आले. गॅस बंद होता.

"बघा," आई म्हणाली. तात्यांशी ती बोललेला तो शेवटचा शब्द. मावशीच्या मुलीचं लग्न यांच्याशिवाय लागलं.

तेव्हापासून मी मध्ये. "तुझ्या वडिलांना सांग, इस्त्रीचे कपडे आलेत." तुझे वडील तीन फुटांवर बसलेले. "आईला सांग, दिसतंय मला." मी इमानदारीने दोन्हीकडे पोचवायचो. डिसेंबरनंतर दमायला लागलो, तसं "दिसतंय", "कळलं", "बरं" असले किरकोळ निरोप पोचवणं मी बंद केलं. कोणाची तक्रार आली नाही.

आता माझ्या गळ्याकडे येतो. दीड वर्षापूर्वी मला थायरॉइड निघाला. "हा बायकांना होतो ना?" असं मला तीन जणांनी विचारलं, त्यातला एक मेडिकलवाला होता. रिपोर्टमध्ये टीएसएच जिथे चार-पाचच्या आत हवा, तिथे माझा अठ्ठ्याण्णव. एवढे मार्क मला आयुष्यात कधी पडले नव्हते. त्या दिवसांत मी बसल्या जागी झोपायचो. एकदा वाडा गावाच्या बसमध्ये उभ्या उभ्या झोपलो आणि दिघाशीला जाऊन उठलो. दिघाशीला माझं काही काम नव्हतं.

डॉ. नेत्रा मॅडमनी शंभरची गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक, उपाशीपोटी, चहाच्या किमान तासभर आधी, आयुष्यभर. यातलं 'आयुष्यभर' मला जमण्यासारखं होतं, 'चहाच्या आधी' जमेना. गजर लावायचो, उठायचो, झोपेतच आईच्या हातचा चहा प्यायचो आणि मग गोळी आठवायची. चार दिवसांत आईने गजर काढून घेतला आणि काम आपल्याकडे घेतलं. पहाटे येऊन ती माझ्या तोंडात गोळी टाकायची, वर दोन घोट पाणी पाजायची. मी डोळे न उघडता गिळायचो. पुढे पुढे तर मला कोणी उठवलेलंही आठवेना. या कार्यक्रमाला माझा मेंदू हजर नसे. पण गोळी लागू पडली. त्या दिवाळीपर्यंत मी माणसात आलो.

आणि या डिसेंबरपासून माणसांतून उठायला लागलो.

आधी भूक. सात पोळ्या खाऊन मी आठवीकडे बघायचो, आणि वजन मात्र उतरत होतं. सोसायटीतल्या काकू म्हणाल्या, "जिम लावलीस का रे?" कंगव्यात केस. दिवसातून तीनदा संडास. धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत एका बाईचा शर्ट स्वच्छ निघाला, तर मला रडू आलं. झोप पहाटे चारला यायची, ती मात्र मेल्यासारखी.

सगळ्यात वाईट छाती. आमच्या मागच्या गल्लीत कापडाच्या लूमचे कारखाने आहेत, चोवीस तास खडाक-खडाक चालू. लहानपणापासूनचा आवाज, कानाला वेगळा कळतही नाही. एका दुपारी लाईट गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि माझ्या कानातलं खडाक-खडाक चालूच राहिलं. मी गॅलरीत जाऊन बघून आलो, कुणाचा जनरेटर चालू आहे का. नव्हता. तो मीच होतो. नाडी मोजली, एकशे बारा. मी खुर्चीत बसलेला.

आणि हात. हात थरथरायला लागले.

दुसऱ्या कुणाचे थरथरले असते तर चाललं असतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढतो. दीड वर्ष टेम्पररी होतो, आणि एक फेब्रुवारीला कायम व्हायचं पत्र मिळणार होतं. मी पट्टा बांधून सुई काढली की पेशंटची नजर सुईवरून माझ्या बोटांवर आणि बोटांवरून दाराकडे जायची. मी म्हणायचो, "हलू नका हं." एक बाई म्हणाली, "मी कुठे हलतेय? तुम्हीच हलताय."

तिसरी तक्रार गुलाम हुसेन शेठची आली. शेठचे चाळीस लूम. मी त्यांना तीनदा टोचलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बेटा, खून निकाल रहा है या शिलाई मार रहा है?" मी म्हणालो, शिलाई असती तर सरळ आली असती. हे बोलायला नको होतं.

लॅबचे मालक दीपेश सर यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "केदार, दारू?"

"नाही सर. थायरॉइडची गोळी."

"गोळीने हात थांबायला पाहिजेत ना?"

"पाहिजेत सर."

"हे बघ, एकतीस तारखेपर्यंत एकही तक्रार आली नाही पाहिजे. आली, तर पत्र विसर. काउंटरला माझ्याकडे माणूस आहे, झाडायला बाई आहे. हात थरथरणाऱ्याला माझ्याकडे जागा नाही."

डिसेंबरातल्या रिपोर्टमध्ये माझा टीएसएच शून्य पूर्णांक शून्य दोन होता. अठ्ठ्याण्णववरून शून्य; गोळी जास्त झाली की हा आकडा असा खाली बसतो. नेत्रा मॅडमनी गोळी शंभरवरून पंचाहत्तर केली, चिठ्ठी मी फ्रिजवर चिकटवली आणि घरात सगळ्यांना सांगितलं, म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. महिन्याने पुन्हा तपासलं. शून्य पूर्णांक शून्य दोन.

मॅडमनी चष्मा काढला. "वजन कमी करायला जास्त घेतोयस का? खरं सांग."

"मॅडम, मी छपन्न किलोवर आलोय. आणखी कमी करून जाऊ कुठे?"

आमच्या लॅबमध्ये थायरॉइडचं मशीन कुबरा आपा चालवते. जन्मापासून भिवंडीत, वीस वर्षं याच कामात, रिपोर्टवरून ती माणसाचा स्वभाव सांगते. माझा रिपोर्ट तिने तीनदा लावून बघितला होता. डबा खाताना तो तिने माझ्या समोर ठेवला.

"केदार, गोळी किती खातोस?"

"एक."

"ये एक खानेवाले का रिपोर्ट नहीं है. दोन खाणाऱ्याचा आहे."

"आपा, एकच."

"डबी मोज."

मी त्या संध्याकाळी फ्रिजवरच्या चहाच्या डब्यामागची बाटली काढून मोजली. पंचाहत्तरची, शंभर गोळ्यांची, आणलेली अठरा डिसेंबरला. चौतीस दिवस झालेले, सहासष्ट शिल्लक. हिशोब असा चोख, की मला माझ्याच घराचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी आपाला सांगितलं.

आपाने घास गिळला. "तू स्वतः घेतोस?"

"झोपेत. आई देते."

"झोपेत म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. ऐकताना तिने डब्याचं झाकण लावून टाकलं.

"सत्तावीस साल का घोडा," ती म्हणाली. "एक सकाळ जागा राहा. अपनी आँख से देख, तोंडात काय काय पडतं."

जागं राहणं हा त्या दिवसांत माझा हातखंडा होता. चार वाजता झोप आली तेव्हा तिला परतवलं आणि उठून भिंतीला टेकून बसलो. पावणेपाचला खाली पाणी सुटलं, मोटर लागली, आईने पिंप भरायला लावलं. मी आडवा होऊन डोळे मिटले. आई आली. तिचे हात ओले आणि गार. "आ कर," ती म्हणाली, मी केला. गोळी, दोन घोट पाणी. पदराने माझी हनुवटी पुसून ती गेली. एकच गोळी. मला वाटलं, आपाचं मशीन बिघडलंय.

सहाला तात्या फिरून आले. चपला काढल्याचा आवाज आला, मग बामचा वास आला, आणि मग माझ्या डोक्याशी काहीतरी खुळखुळलं. मी एक डोळा किलकिला केला. तात्यांनी स्वेटरच्या खिशातून गोळ्यांची बाटली काढली होती. झाकणात एक गोळी पाडून त्यांनी दुसऱ्या हाताने माझ्या गालावर दोन्हीकडून दाब दिला, मांजराला औषध पाजतात तसा. माझं तोंड आपोआप उघडलं. सवयीचं तोंड, त्याला काय कळतंय.

मी त्यांचं मनगट धरलं. तात्या दचकले.

"जागा आहेस?"

"हो."

"मग घे ना हाताने."

मी गोळी हातात घेतली. "तात्या, हे कधीपासून?"

"लग्न चुकलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." ते पलंगाच्या कडेवर बसले. "तिने माझा चहा हातात देणं सोडलं, टेबलावर आपटून जायची. म्हटलं हेही सोडलं असेल. तुझं कशाला नुकसान."

"मग विचारायचं."

"कोणाला?"

"मला."

तात्यांनी विचार केला. "तू झोपलेला असायचास," ते म्हणाले.

म्हणजे दिवसभर हे दोघं माझ्यामार्फत इस्त्रीचे कपडे, विजेचं बिल आणि कोथिंबिरीची जुडी एकमेकांना कळवत होते, आणि माझ्या तोंडात जाणारी गोळी तेवढी कोणी कळवली नव्हती. शंभरच्या दोन, म्हणजे दोनशे. चिठ्ठी बदलली तेव्हा फ्रिजवरून दोघांनी ती आपापली वाचली आणि दोघांनी पंचाहत्तरची आपापली बाटली आणली. मॅडम कमी करत होत्या आणि घर दुप्पट करत होतं.

सात वाजता चहाला मी दोघांना बसवलं. निरोप नको म्हणून एकदाच, दोघांच्या मध्ये कुठेतरी बघत बोललो. "मला रोज दोन गोळ्या मिळतायत. एक आईची, एक तात्यांची. म्हणून हात थरथरतात."

आईने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून, अडीच महिन्यांनी, तात्यांकडे बघितलं.

"किती वाजता देता?"

"सहाला," तात्या म्हणाले. "तू?"

"पावणेपाचला. पाणी येतं तेव्हा."

आईचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं ती रडणार. मग ती म्हणाली, "दीड वर्ष मी देतेय. तुम्हाला मध्ये पडायला कोणी सांगितलं?"

"तू बोलत नव्हतीस."

"तुम्ही विचारायचं."

"विचारलं असतं तर बोलली असतीस?"

"नसते बोलले. पण विचारायचं तरी."

"पोराच्या जिवाशी खेळ झाला, सुचेता."

"तेच म्हणते मी. आणि गॅसचं पाच वेळा विचारता, गोळीचं एकदा नाही विचारलं."

"गॅस वेगळा—"

"काय वेगळा? बंद होता ना?"

अडीच महिन्यांचं तुंबलेलं होतं. पावणेआठला ते पडघ्याला पोचले, आठला मावशीच्या मुलीच्या लग्नातल्या चुकलेल्या पंगतीत, सव्वाआठला तात्यांच्या बहिणीच्या एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या वागण्यात. मी ड्युटीला निघालो तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. इतके दिवस या घरात बोलणं व्हावं म्हणून मी झुरत होतो. जिन्यात उतरताना वाटलं, शांतता फार वाईट नव्हती.

नेत्रा मॅडमनी सगळं ऐकलं, आधी हसल्या, मग माझा ईसीजी काढला आणि हसणं थांबवलं. "नशीब समज. आता पाच दिवस काहीच घ्यायचं नाही. मग पूर्वीसारखी शंभरची, एक. स्वतःच्या हाताने."

"हात कधी थांबतील?"

"ही गोळी शरीरातून सावकाश जाते. दोन-तीन आठवडे धर."

एकतीस तारखेला आठच दिवस होते.

कुबरा आपाला सांगितलं, तर ती पाच मिनिटं मशीनला टेकून उभी राहिली. हसण्याने खांदे हलत होते. मग डोळे पुसून म्हणाली, "ठीक. तेरे को मैं पेशंट चुन के देती." आणि खरंच दिले. आठवडाभर माझ्याकडे फक्त लूमचे कामगार आले. त्या माणसांच्या शिरा दोरखंडासारख्या, वरूनच दिसणाऱ्या, आंधळ्यालाही सापडाव्यात अशा. बारीक मुली, लहान मुलं, साखरेचे म्हातारे, सगळ्यांचं रक्त ती स्वतः काढायची. मशीन सोडून उठायची, काढायची, परत मशीनवर. मी तिला म्हणालो, "आपा, तुझं काम वाढलं." ती म्हणाली, "बोल मत. बोलतोस तेव्हा जास्त थरथरतोस."

घरी पहिले पाच दिवस गोळी बंद, तेव्हा आई पावणेपाचला येऊन नुसती बघून जायची आणि सहाला तात्या. सहाव्या दिवसापासून गजर लावला. पंचाहत्तरच्या दोन्ही बाटल्या कपाटात, शंभरची नवी माझ्या ताब्यात. गजर वाजला की दोघंही दारात उभे राहून मी गिळतो का बघायचे, आणि बघता बघता भांडायचे. मी चहा तासाभराने प्यायचो. तो तास फार मोठा असतो.

एकतीसला सकाळी आपा लग्नाला गेली होती, तिच्या नणंदेच्या. साडेनऊला शेलार गावातून फोन आला, घरी येऊन रक्त न्या. दीपेश सरांनी केबिनमधून माझ्याकडे बघितलं. दुसरं कोणी नव्हतं. "जा," ते म्हणाले. "आजचाच दिवस आहे."

शेलारला पेशंट म्हणजे सीताबाई, वय ऐंशीच्या पुढे, ओसरीवर उन्हात बसलेल्या. मी त्यांचा हात बघितला. कागदासारखी कातडी, आतमध्ये शिरांचा नुसता अंदाज. मी पट्टा बांधला. सुई काढली. सुईचं टोक दोन मिलिमीटर इकडे, दोन मिलिमीटर तिकडे. आधीपेक्षा कमी, पण ऐंशी वर्षांच्या शिरेला ते पुष्कळ होतं. मी सुई परत झाकली.

"काय रं, भेतोस का काय?" म्हातारी म्हणाली.

"नाही आजी. माझा हात थरथरतो. गोळीचा परिणाम आहे. चुकलं तर परत टोचावं लागेल."

"मंग चुकू नको."

"तेच बघतोय."

"घाई हाय का तुला?"

"नाही."

"मना पन न्हाय. बस."

मी बसलो. ती तिच्या सुनेबद्दल बोलली, मग कोंबड्यांबद्दल, मग परत सुनेबद्दल; दोन्हींत फार फरक नव्हता. मी पट्टा सोडला, तिचा हात गरम पाण्याच्या फडक्यात गुंडाळला, चोळला. दहा मिनिटांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं, भिजवलेल्या शेवईएवढं. मी मांडी घालून खाली बसलो, तिचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, माझं मनगट तिच्या हाताला चिकटवून दाबलं. आता हलायचंच असेल तर आम्ही दोघांनी मिळून हलायचं होतं. श्वास सोडला. सुई घातली.

ट्यूबमध्ये लाल आलं. सावकाश, पण आलं. ते बघताना माझी पाठ घामाने निथळत होती आणि म्हातारी समोरच्या कोंबडीला हाकलत होती.

"झालं," मी म्हणालो.

"कदी?" ती म्हणाली.

एक तारखेला दीपेश सरांनी पत्र पुढे केलं. "मिळालं म्हणून इथे सही कर." मी केली. त्यांनी ती माझ्या जुन्या अर्जावरच्या सहीशेजारी धरून बघितली. जुनी सही सरळ होती. नवी जिना उतरल्यासारखी.

"ही तुझीच आहे?"

"माझीच आहे सर. दोन आठवडे थांबलात तर सुधारेल."

त्यांनी दोन्ही कागद फाईलमध्ये घातले. "राहू दे. उद्या पडघ्याला दोन घरं आहेत. साडेसहाला तिथे हजर पाहिजेस."

मी मनात उलट मोजलं. साडेसहाला पडघा म्हणजे पावणेसहाला घर सोडायचं. निघण्याआधी चहा, चहाच्या तासभर आधी गोळी. साडेचार, म्हणजे आईच्या पावणेपाचच्याही आधी.

"हो सर," मी म्हणालो, आणि भिंतीला टेकलो.